मोंघीबांनी लावलेला पट्टा

वशराम वाघेलाला एकच खोड, विचारायची. जामनगरात रुग्णवाहिकेवर कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी तो स्वतः स्ट्रेचरवर आडवा झाला, तिन्ही पट्टे आवळून घेतले आणि ड्रायव्हर हारूनभाईला म्हणाला, "चल, मला बाजारातून फिरवून आण."

"डोकं ठिकाणावर आहे ना? लोक बघतायत."

"बघू देत. झोपलेल्याला काय दिसतं ते मला बघायचंय."

हारूननं कपाळाला हात लावला आणि फिरवून आणलं. अर्ध्या तासात वशराम जे शिकला ते त्याला कुठल्या वर्गात मिळालं नसतं. चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही असा खड्डा झोपलेल्याच्या थेट पाठीत शिरतो. स्ट्रेचर चार बोटं कललं तरी आता आपटलोच असं वाटतं आणि हात आपोआप काहीतरी धरायला धावतात. उंच ठेवलेलं स्ट्रेचर जरा धक्का लागला की झुकतं, खाली घेतलेलं मुकाट चालतं. तेव्हापासून रोज सकाळी तो स्ट्रेचरचे पाय उघडायचा आणि खटका नीट बसल्याचा आवाज येतो का ते कान लावून ऐकायचा. आवाज आला नाही तर त्यावर माणूस ठेवायचा नाही म्हणजे नाही.

"बायकोचं इतकं कान देऊन ऐकलं असतंस तर सुखी झाला असतास," हारून म्हणायचा.

हे सगळं खरं, पण सहा वर्षांपूर्वी या शहाण्या माणसानं एकदा माघार घेतली होती. एका गावात छातीत कळ येऊन बेशुद्ध पडलेला माणूस उचलायचा होता. त्याची बायको पट्ट्याला लोंबकळली. "बांधू नका हो! अजून जिवंत आहेत!" आमच्याकडे बांधतात ते तिरडीवर, हे सांगायला नको. तिच्या रडण्यानं वशराम विरघळला. पट्टा तसाच लोंबत राहिला, अंगणाबाहेरच्या चरात पुढचं चाक गेलं आणि माणूस स्ट्रेचरवरून घसरून खांद्यावर आपटला. तो अकरा दिवसांनी गेला. हृदयानंच गेला, पडल्यामुळे नव्हे, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. वशरामला ते पटलं नाही ते नाहीच. त्या दिवसापासून पट्ट्याशिवाय एकही माणूस न्यायचा नाही, हा त्याचा पण.

आणि म्हणूनच खत्रींच्या गल्लीत त्या दुपारी त्याला घाम फुटला.

मोंघीबा ऐंशीला टेकलेल्या. सारी गल्ली त्यांना बा म्हणायची. वरच्या मजल्यावर पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. जिना लाकडी, असा उभा की चढताना वरून सोडलेला दोर धरावा लागतो. चाकांचं स्ट्रेचर वर नेणं शक्यच नव्हतं. ते गल्लीत, चाकांना ब्रेक लावून ठेवलं आणि वशराम नि हारून माणसाला आडवं उचलायची पिवळी फळी घेऊन वर गेले. बांना अलगद फळीवर घेतलं, मोडलेल्या पायाला दोन्ही बाजूंनी उशा दिल्या. इथवर ठीक. वशरामनं पट्टा हातात घेतला आणि बांनी त्याचं मनगट धरलं.

"बांधायचं नाही."

"बा, जिना उभा आहे..."

"ह्यांना याच खोलीत बांधलं होतं. मी इथे बसून बघितलं. माझा श्वास चालू आहे तोवर मला कुणी बांधणार नाही."

"ऐकलंत ना?" त्यांचा मुलगा जगजीवन पुढे झाला. "राहू दे तुमची फळी. आम्ही चौघं चादरीत घालून उतरवतो."

वशरामनं बांच्या पावलाला हात लावला. दुसऱ्यापेक्षा गार होतं. चादरीत पाय हलला आणि हाडाच्या टोकानं आतली रक्तवाहिनी फाडली, तर म्हातारी जिन्यातच जाईल. त्यानं ते सांगितलं. जगजीवन मागे सरला, बा हटल्या नाहीत. "गेले तर गेले. पण बांधलेली जाणार नाही."

वशरामला ती सहा वर्षांपूर्वीची बाई दिसायला लागली. त्यानं मान खाली घातली आणि मनगटावरचा बांचा हात त्याच्या नजरेस पडला. करंगळीचं नख बोटभर वाढवलेलं, पहिल्या बोटावर दोऱ्याच्या जुन्या खाचा. कोनाड्यात काचेची नळी, तिच्यातून ओवलेला दोरा, शेजारी बारीक बारीक गाठींनी चुरगळलेलं मलमलीचं कापड. बा बांधणीच्या साड्या बांधायच्या! झालं, वशरामची खोड जागी झाली.

"बा, एका साडीला किती गाठी पडतात?"

"अरे, इथे आईचा जीव चाललाय आणि हा साड्यांची चौकशी करतोय!" जगजीवन भडकला.

"तू थांब रे," बा म्हणाल्या. "पंधरा हजार. बारीक काम असेल तर जास्तच."

"सुटली कधी एखादी?"

"माझी गाठ?" दुखणं विसरून बांनी मान उचलली. "उकळत्या रंगात सुटली नाही कधी. लग्नाआधीपासून बांधतेय."

"मग हीसुद्धा तुम्हीच बांधा की. तिरडीवरच्यानं कधी आपली गाठ आपण मारलेली पाहिलीत?"

बांनी वशरामकडे रोखून पाहिलं, मग पट्ट्याकडे. "बघू, आण इकडे."

त्यांनी पट्ट्याचं टोक डोळ्यांजवळ नेलं. "यात गाठ कुठे आहे?"

"गाठ नाही, बा. ही जीभ या खोबणीत सरकवायची."

पहिल्यांदा जीभ आडवी गेली. वशरामचे हात पुढे जायला बघत होते, ते त्यानं मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्यांदा खट्‌ वाजलं. बांनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय बांधणं झालं? असं ढिलं ठेवलं तर रंग आत शिरेल." त्यांनी मोकळं टोक ओढून पट्टा स्वतः आवळला. पायांच्या पट्ट्यापर्यंत हात पोचत नव्हता, तर तो वशरामकडून हातात मागून घेतला, लावला आणि पुन्हा आवळला. छातीचा लावताना तर म्हणाल्या, "जरा शिका."

जिन्यात हारूननं पायांकडची बाजू खाली धरली, तसा जगजीवन पुन्हा ओरडला, "पाय पुढे? अहो, पाय पुढे करून कुणाला नेतात?"

फळीवरूनच उत्तर आलं. "मग काय डोकं खाली करून उतरवतोस मला? मूर्खा! बाजूला हो, त्यांना पायरी दिसत नाहीये."

वशराम आकडे म्हणत होता, दोघं एकेका आकड्याला एकेक पायरी उतरत होते. गल्लीत आल्यावर फळी स्ट्रेचरवर ठेवली, फळीसकट बांना स्ट्रेचरचे पट्टे लागले, अर्थात बांच्याच हातानं. वशरामनं स्ट्रेचर खाली घेतलं. तोवर मदतीला अख्खी गल्ली लोटली होती. हात वीस, डोकं एकाचंही जागेवर नाही.

"हात नको, वाट द्या!" वशराम ओरडत होता. ऐकतो कोण? कोपऱ्यावरच्या एका शेजाऱ्यानं प्रेमानं कठडा धरून आपल्याकडे ओढलं आणि पुढचं चाक गटारावरच्या दोन फरशांच्या फटीत गेलं. स्ट्रेचर कललं. बांचं सगळं अंग पट्ट्यावर आलं. वशरामच्या डोळ्यांसमोर ते गाव, तो चर. त्यानं आणि हारूननं अंग टाकून स्ट्रेचर सरळ केलं. बा फळीवरच होत्या, पायाच्या उशासुद्धा जागच्या जागी.

शेजारी पांढरा पडला होता. बांनी डोळे उघडले. "सुटली नाही ना? सांगितलं होतं मी."

जगजीवन मग सगळ्यांपुढे चालत लोकांना मागे सारत राहिला.

रुग्णालयात एक वॉर्डबॉय पट्टा सोडायला वाकला, तर बांनी त्याच्या हातावर चापट मारली. "मी बांधलाय, मीच सोडणार." त्या पट्टा सोडत असताना वशरामला राहवेना. त्यानं विचारलंच, "बा, तुम्हाला शुद्ध होती म्हणून जमलं. ज्याला शुद्धच नाही, त्याचं काय करायचं?"

"हात तर असतो ना त्याला?" बा म्हणाल्या. "त्याचाच हात धरून बांध."

चार महिन्यांनी बेडी बंदराकडून फोन आला. जाळी दुरुस्त करता करता एक माणूस कोसळला होता, शुद्ध नव्हती. वशरामनं त्याला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टा उचलला, आणि त्याची बायको धावत आली. "बांधू नका हो! अजून जिवंत आहे तो!"

वशरामनं त्या माणसाचा उजवा हात उचलला. कोळ्याचा हात, जाळ्याच्या दोऱ्यानं चरे पडलेला. त्या बोटांत पट्ट्याची जीभ दिली, वरून आपली बोटं ठेवली आणि खोबणीत दाबली. खट्‌.

"मी नाही बांधत, ताई. बघा, तेच बांधतायत."

बाईनं ओढणीनं डोळे पुसले. दुसरा पट्टा लोंबत होता, तो तिनं उचलून विचारलं, "हा मी लावू?"

"नको," वशराम म्हणाला. "तोही तेच लावतील. तुम्ही फक्त त्यांचा हात इकडे आणा."