स्टँडला लावलेला चुना

गॅरेजवाला ‘कापून टाका’ म्हणाला, तर तुम्ही ‘का?’ विचारता, की नुसती मान डोलावता?

अमरावतीत दोन गॅरेजवाल्यांनी मला मधल्या स्टँडबद्दल हेच सांगितलं. बाबांच्या जुन्या मोटारसायकलला बाजारातला नवा सायलेन्सर बसवला, आणि मधला स्टँड बिघडला. जुन्या सायलेन्सरवर एक गुट्टा (छोटा ठोकळा) होता. उचललेला स्टँड त्यावर टेकून थांबायचा. नव्यावर तो नाही. त्यामुळे स्टँड जास्त वर जाऊन चेनला घासू लागला.

“साइड स्टँड आहे ना!” दोघंही म्हणाले. पण बाबांचा डावा गुडघा गाडी तोलत नाही. मधल्या स्टँडवर गाडी उभी असेल तरच ते किक मारू शकतात. याच गाडीवरून त्यांनी गावोगाव पत्रकं वाटली. टाकीवर बसून ती वाचतच मी अक्षरं शिकले. स्टँड कापणं म्हणजे त्यांना घरात बसवणं. ते मला मान्य नव्हतं.

ट्रकवाल्या शेजाऱ्याने नागपूरजवळच्या वाडीतल्या मेकॅनिक रत्नाबाईंचं नाव सांगितलं. मी पहाटे गाडी घेऊन निघाले. स्टँड आणि सायलेन्सरच्या मध्ये चपलेचा तुकडा तारेने बांधला होता. कोंढाळीत संत्री घ्यायला थांबले, तर विकणारी ओरडली, “ताई, तुमची गाडी जळून राहिली!” (जळते आहे!) चप्पल वितळली होती. पुढे वाडीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खट्.

वाडीत गोदामांच्या रांगेमागे रत्नाबाई एका ट्रकखालून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“काहून (का) कापाचं वं? गुडघा दुखते तं बापाचा पाय कापतं का?”

जुन्या फ्रेमला वेल्डिंगची आग लावायला त्यांनी साफ नकार दिला. फूटरेस्टच्याच बोल्टवर एक पट्टी कसली, तिच्यावर ट्रकच्या टायरचा तुकडा बसवला. स्टँड आता त्यावर टेकणार होता. रबराची जाडी मी ठरवली, गाडीवर ऐटीत बसून. चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्यात खट्!

“तू बसली का चाक वर दबते,” त्या हसल्या. “खड्ड्यात उडालं का खाली लोंबते. तवा चेन कुठं जाते, पाह्यलं का?”

त्यांनी ट्रकची इंजिनं उचलायची चेनपुली आणली आणि माझी गाडी मागून टांगली. चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हर बबनरावांकडे हात केला. “चुना दे गा.”

“खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) नको, नुसता चुना?”

“गाडीले तंबाखू चालत नाही!”

स्टँडच्या कडेला चुना फासून त्यांनी चाक फिरवलं. चेनवर पांढरी रेघ उमटली. रबराचा आणखी एक थर चढवला, चेन पुसली, पुन्हा चुना, पुन्हा चाक. या वेळी चेन काळी ती काळीच!

बबनरावांना मागे बसवून वाडीचे सगळे खड्डे शोधून शोधून घेतले. एक आवाज नाही. मग आम्ही तिघांनी तर्री पोहे (झणझणीत रश्श्याचे पोहे) खाल्ले आणि नाक पुसत पुसत विजय साजरा केला.

संध्याकाळी अमरावतीत बाबा फाटकातच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून हँडल घेतलं. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, वर बसले, किक मारली. मग गाडी पुढे ढकलली. स्टँड रबरावर टप्प करून टेकला. पत्रकांची पिशवी हँडलला अडकवून ते निघूनही गेले. मला चहा विचारायचाही राहिला.

वाचकहो, तुमच्या घरातली जुनी गाडी आज एकदा वाकून पाहा. स्टँडचा थांबा गेला असेल, तर तो नवा लावून घ्या. आणि कोणी कापायला निघालाच, तर आधी त्याला गाडी टांगून, चुना लावून दाखवायला सांगा.