पानवेलीवरचे लाल कोळी

भाऊजी गेल्यावर ताई माझ्याकडे राहायला आली, ती त्यांची पानवेलीची कुंडी घेऊनच. खिडकीशी ठेवलेल्या त्या वेलीची पानं हळूहळू फिकट दिसू लागली, त्यांवर सुईच्या टोकाएवढे ठिपके पडले. मी पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कागदावर पडलेले लालसर कण चालू लागले.

"लाल कोळी आहेत," मी म्हणाले. "पानातला रस शोषतात. मागे जाळीही धरलीय बघ."

ताईने चष्मा लावून पाहिलं. "मला धूळ वाटली," ती म्हणाली. "त्यांचा खोकलाही आधी धुळीचाच वाटला होता."

काही दुखणी इतकी मुकाट येतात, की आपल्याला दिसेपर्यंत त्यांनी घर केलेलं असतं.

आम्ही वेल बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवली आणि फार खराब झालेली पानं खुडली. उरलेलं एकेक पान तळहातावर घेऊन ताई त्याची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसायची. मग मी साबणाच्या पाण्यात कालवलेलं कडुनिंबाचं तेल फवारायचे. अंड्यांतून नवे कोळी निघत, म्हणून दर तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

तरी पानं गळतच राहिली. शेवटी मी म्हणाले, "ताई, आता नको दमूस. नवीन वेल आणू."

"पुसू दे गं," ती म्हणाली. "दवाखान्यात मला त्यांच्याजवळ जाऊच दिलं नाही."

वेल जगली नाही. ताईने वाळलेली काडीही नीट पुसली, आणि मगच मला कुंडी उचलू दिली.