एक बंदर आधी

लालबागच्या खानावळीत तो रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गिरणीतल्या कापसाने छाती पोखरलेली, दोन घास झाले की खोकायचा.

एकदा त्याने ताटात भाताची चंद्रकोर केली आणि तिच्या पोटात सोलकढी ओतली. "ही वाळू, ह्यो दर्या. गावाक गेलंय तर कौलां परतूची लागतत, भावकीचे तंटे ऐकूचे लागतत. म्हणान औंदा बोटीतून एक बंदर आधीच उतरतलंय. आठ दिस हय नुसतो पडान रवतलंय."

मी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटणारा. भडकलो. "मुंबईसाठी पोरं गोळ्या खातायत आणि मामा, तुम्हाला वाळूत लोळायचंय? लाज नाही वाटत?"

सगळी पंगत हसली. त्याने बोटाने चंद्रकोर मोडली आणि भात कालवला. "बरां झिला. मोर्चो झाल्यार जातलंय."

मोर्चात तो माझ्या मागेच चालला, खोकत खोकत. तोवर पावसाळ्याआधीची शेवटची बोट सुटून गेली होती. श्रावणात तो परळच्या इस्पितळात वारला. खानावळवाल्या मावशींनी त्याचं ताट उपडं घातलं.

बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "त्याची पेटी तूच पोचव, पुढारी."

धक्क्यावर मी पेटीवर मावशींनी सांगितलेलं त्याच्या गावच्या बंदराचं नाव लिहिलं. एक बंदर आधी ती उतरवून घेणारं कोणी नव्हतं.