माझ्या नावावरची म्हैस

"उभी ऱ्हा. पैसं पुरं हुईस्तवर खाली बसायचं न्हाय."

कर्जाच्या कंपनीचा वसुलीचा सायेब मला म्हणाला. माझ्या पोरीपेक्षा चार-पाच वर्सांनी मोठा असंल. दर बुधवारी अकराला यायचा. कळंब्याच्या अलीकडं आमच्या मालकीणबाईचा, वैनीचा बंगला हाय, त्याच्या पोर्चमधी सतरंजी टाकून आम्ही पंधरा बायका बसायचो. आधी हात पुढं करून सगळ्यांनी शपथ म्हणायची. वेळेवर हप्ता भरीन, गटातल्या दुसरीचा चुकला तर मिळून भरीन. मग एकेकीनं पैसं द्यायचं.

हप्ता सहाशे तीस. माझ्याकडं चारशे हुते. दोनशे तीस कमी.

मी उभी राहिले. बाकीच्या खाली बसलेल्या. एकीचं पैसं पुरं न्हाईत तर बाकीच्यांनी बी उठायचं न्हाय, असा नेम. कुणाची पोरं शाळंतनं यायची हुती, कुणाची सासू घरात आजारी. सगळ्या माझ्याकडं बघायच्या आणि तोंड फिरवायच्या. दीड तास. पाय भरून आलं, लघवीला लागली, तरी हलू दिलं न्हाय. सायेब मोबाईल बघत बसला हुता. त्याच्या बाजूच्या खुर्चीवर वैनी. दोघांच्या हातात च्याचं कप.

"घेताना बरं वाटलं. देताना पाय लटपटतात व्हय?" सायेब म्हणाला.

वैनी हसली. म्हणाली, "ह्यांच्यातलं आसंच हाय बघा सायेब. सरकारनं फुकटाची सवय लावून ठेवलीया ह्यास्नी."

ह्यांच्यातलं म्हंजे आमच्यातलं. आम्ही बौद्ध. वस्तीतल्या आम्ही तिघी सतरंजीच्या टोकाला, चपलांपाशी बसायचो. तिथं बसा म्हणून कुणी सांगितलं न्हवतं. आम्ही जाईस्तवर तेवढीच जागा उरलेली असायची.

शेवटी माझ्या गटातल्या चौघींनी पदरचं काढून दोनशे तीस भरलं. त्यातली एक जाताना कानाशी म्हणाली, "तुझ्यापायी माझं आज काम बुडलं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता खरं सांगते. त्या सहाशे तिसातलं निम्मं वैनीचं हुतं. तीनशे पंधरा तिचं, तीनशे पंधरा माझं. खुर्चीवर बसून मला फुकटी म्हणणारी बाई माझ्या नावावरचा पैसा वापरत हुती, आणि तिचा हप्ता भरता आला न्हाय म्हणून मी उभी हुते. मायला, कसं सोसलं मी ते!

आमच्याकडं ह्याला नाव लावणं म्हणत्यात. कर्ज एकीच्या नावावर, वापरायचं दुसरीनं. शेजारणीला साखर द्यावी तसं बायका नाव देत्यात. मी बी दिलं. पोरगी नर्सिंगला लागलेली, पहिल्या वर्साची फी भरायची हुती. मला पंचवीस हजार पाहिजे हुते. वैनी म्हणाली, "पन्नास काढ. निम्मं मला दे. निम्मा हप्ता मी भरते की. घरचीच हाईस तू." वैनीनंच कंपनी आणलेली, गटाची मुख्य तीच. तिच्या घरचं मंगल कार्यालय हाय. तिथं मी भांडी घासायची आणि माझा नवरा त्यांचाच टेंपो चालवायचा. न्हाय म्हणायला तोंड कुठनं आणू?

विमा आणि फी कापून हातात अठ्ठेचाळीस हजार आले. वैनीनं तिथंच पंचवीस मोजून घेतलं. मला तेवीस उरलं. कापलेलं सगळं माझ्याच वाटणीला आलं, हे मला त्या दिवशी कळलं बी न्हाय. उलट मी तिला थँक्यू म्हटलं.

वीस हप्ते तिनं निम्मं दिलं. मग बंद. मागायला गेले की म्हणायची, "लग्नसराई येऊ दे." लग्नसराई आली, रोज हजार-हजार पानं उठली. घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली. पुन्यांदा मागितलं. तवा दाराच्या आतनंच म्हणाली, "कसलं पैसं? सही कुणाची हाय? तुझी न्हवं? तोंड उघडलंस तर तूच खोटी पडशील."

तेव्हापास्नं बुधवारचा पुरा हप्ता माझ्या एकटीवर. सोमवारपासनंच पैसं हुडकायला लागायची. मलकापूरला माझं माहेर, भावाकडनं दोनदा आणलं. तिसऱ्यांदा भावजयीनं फोनच उचलला न्हाय. पैंजण गेलं. किराणावाल्यानं उधारी बंद केली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "गप बस. दोघांची बी रोजी त्यांच्याच दारात हाय." ते बी खरंच हुतं की. मी गप बसले. कामाला जाताना वैनी समोर आली तर हसायची बी. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त किळस येती.

उभं केल्याच्या दिवसानंतर मी विहारात जायचं सोडलतं. वाटायचं, सगळ्यांना कळलंय. आक्कानं निरोप धाडून बोलवून घेतलं. आक्का आमच्या वस्तीतली. बँकेत पाणी द्यायच्या कामाला लागली आणि कॅशियर हुऊन रिटायर झाली. जीभ लई तिखट. रविवारी वंदना झाली की बायकांना पासबुकं घेऊन बसवती.

मी कर्जाचं कार्ड आणि कागद तिच्यापुढं टाकलं. म्हटलं, "आक्का, बघ की काय हाय."

"मी बघणार न्हाय. सातवी शिकलीयास न्हवं? तू वाच."

वाचायला लागले. बारीक अक्षर. नाव, पत्ता, रक्कम, व्याज. मग एका ओळीवर अडकले. कर्जाचं कारण: म्हैस खरेदी.

"बया! माझ्याकडं म्हैस कवा आली?"

बायका पोट धरधरून हसल्या. आक्का म्हणाली, "वर्स उलटलं, शेण काढायला सवड मिळाली न्हाय व्हय गं तुला?" मी बी हसले. हसता हसता रडायलाच लागले. त्या कागदाखाली माझी सही हुती. सहा ठिकाणी. कुणीतरी फुली मारून दावलं, इथं कर, इथं कर, आणि मी करत गेले. वाचता येत असून वाचलं न्हाय. मोठ्या घरची बाई बाजूला बसलीया, तिच्यापुढं कागद वाचत बसणं म्हंजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं मला. माझी अक्कल तिथं गहाण पडली. ही चूक माझी हाय, मी ती कुणावर ढकलणार न्हाय.

पाच-सहा रविवार मी वही मांडून बसले. किती भरलं, कुणी भरलं, कुठनं आणलं. बासष्ट हप्ते भरून झालते. त्यातल्या बेचाळीस हप्त्यांत मी वैनीचा वाटा भरलता.

"किती हुतात?" आक्कानं विचारलं.

"तेरा हजार दोनशे तीस," मी पुटपुटले.

"आयकू न्हाय आलं. मोठ्यानं म्हण."

माझ्यानं म्हणवंना. पैशाचा आकडा मी जल्मात कधी मोठ्यानं बोलले न्हवते. आमच्या घरात पैशाचं बोलणं कुजबुजून हुतं. आक्कानं त्या रविवारी मला तेवढं एकच परत परत म्हणायला लावलं. तिनं गोड बोलून फसवलं बी न्हाय. स्पष्ट म्हणाली, "सही तुझी, कर्ज तुझं. कागदावर वैनी कुठंच न्हाय. ते तुलाच फेडायचं हाय. पण तुला उभं करायचा आणि बायकांना डांबून ठेवायचा हक्क त्या पोराला न्हाय. आणि हितनं पुढं वाचल्याबिगर सही करशील तर माझ्या दारात येऊ नगंस."

त्याच आठवड्यात कार्यालयाच्या मोरीपाशी सायेबानं मला गाठलं. आवाज एकदम लोण्यागत. "मावशी, साठ हजार मंजूर करतो. जुनं कर्ज त्यातच फिटतंय. वर पस्तीस हजार हातात." मी भांडी घासत ऱ्हायले.

दुसऱ्या दिवशी वैनी माझ्या घरी आली. अठरा वर्सं मी तिच्याकडं राबले, पहिल्यांदा माझ्या दारात. नवरा धडपडून उठला, खुर्ची पुसून दिली. मी च्या टाकला.

"च्या नको गं. उपास हाय माझा."

"उपासाला च्या चालतो की, वैनी."

"नको."

"पाणी तरी घ्या."

"आत्ताच पिऊन आले."

कप तसाच राहिला. पर्समधनं फॉर्म काढून तिनं माझ्यापुढं धरला. "वीस तुला, पंधरा मला. पोरीची फी भर. मागचं सगळं मिटलं म्हण."

दुसऱ्या वर्साच्या फीचं अठरा हजार भरायचं हुतं. मुदतीला आठ दिवस. खोटं कशाला बोलू, माझा हात पेनाकडं गेलता. मग मी फॉर्म वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासनं, ओठ हलवत, सावकाश. वैनी म्हणाली, "वाचतीस काय? मी हाय न्हवं?"

मी वाचत राहिले. कर्जाच्या कारणात ह्या बारीला शिवणयंत्र हुतं. डोक्यावर साठ, हातात वीस, आणि मागचं तेरा हजार दोनशे तीस बुडीत. समोर माझ्या च्याला साय धरायला लागली हुती. माझ्या नावावरचा पैसा हिच्या घरात चालतोय, माझ्या घरचं पाणी हिला चालत न्हाय. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

"सही करणार न्हाय," मी म्हटलं.

"काय?"

"न्हाय करणार. आणि तुमच्याकडं माझं तेरा हजार दोनशे तीस रुपये हायत. ते कधी देताय?"

नवऱ्यानं माझा दंड धरला. वैनी उठली. "उद्यापासनं कार्यालयात यायचं न्हाय. माजलीयास."

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "आता पोरीची फी तुझ्या तोंडानं भर." लई दिवस तो माझ्याशी नीट बोलला न्हाय.

बुधवारी मी गेले. सहाशे तीस पुरं मोजून दिलं, कार्डावर सही घेतली आणि बसायच्या ऐवजी बोलले. पंधरा बायकांपुढं, सायेबापुढं. "वैनीकडं माझं तेरा हजार पाचशे पंचेचाळीस रुपये येणं हाय. आजचं धरून." आवाज लांबवर गेला.

"कागद दाव," वैनी म्हणाली.

कागद न्हवता. सायेब हसला. बायकांनी सतरंजीकडं बघितलं. गल्लीत मात्र दोघी मागनं आल्या. एक पाटलांच्यातली, एक आमच्यातली. म्हणाल्या, "आमचं बी नाव लावलंय तिनं. पण आमचं नाव घेऊ नगं बाई." मला राग आला. मग वाटलं, कालपातूर मी बी हीच हुते.

आता एका हॉस्टेलच्या मेसमधी भांडी घासते. भाकरी करायचं काम मागितलतं, मालकीण जात इचारून गप झाली. पोरीची निम्मी फी भरली, निम्म्यासाठी तिनं आणि मी कॉलेजात अर्ज दिलाय. मंजूर हुईल का न्हाय, ठाऊक न्हाय. कंपनीला बी मी स्वतःच्या हातानं तक्रार लिवलीया, उत्तर आलेलं न्हाय.

एकोणतीस हप्ते ऱ्हायलेत. एक बी चुकवणार न्हाय. आणि दर बुधवारी पैसं भरून झालं की नवा आकडा वैनीच्या तोंडावर सांगते. आज सतरा हजार तीनशे पंचवीस. शेवटचा हप्ता ज्या दिवशी भरीन, त्या दिवशी वही घेऊन तिच्या कार्यालयाच्या फाटकात बसणार हाय. लग्नाचं पावणं येतील, विचारतील, ही बाई कोण. मी माझं नाव सांगीन, तिचं नाव सांगीन आणि आकडा सांगीन. पैसं घेतल्याबिगर उठणार न्हाय.