बुडवलेली नाव

तापी ओलांडून नंदुरबारकडे नेणाऱ्या आमच्या गावच्या नावेची दुरुस्ती त्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली. कामाची यादी करून ती पुरी करणारा माणूस म्हणून गावात माझं नाव होतं. ती नाव माझ्या जन्माआधीची, सातपुड्यातल्या सागाची. वऱ्हाडं, यात्रेकरू, आजारी माणसं, कोर्टाची तारीख असलेले भाऊबंद, सगळे तिच्यातून गेलेले. मागच्या पावसाळ्यात मात्र तळातून इतकं पाणी यायचं की एकजण सतत डब्याने उपसत बसायचा.

होळीनंतर नदी उतरली, बैलगाड्या पात्रातल्या उथळ उतारातून पलीकडे जाऊ लागल्या. नाव वर ओढून पालथी घातली. मी यादी केली: तळाच्या सात फळ्या, खिळे, सांध्यांत भरायला कापूस, राळ, तेल. नंदुरबारहून एक म्हातारे मुसलमान मिस्तरी आणले. आलेल्यांपैकी दोन फळ्यांना गाठी होत्या. मिस्तरी म्हणाले, चालतील. मी परत पाठवल्या. नव्या यायला अर्धा महिना गेला.

थोरली मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मीच तिला गाडीतून उतारातून आणलं होतं. दुपारी ओट्यावर बसून ती माझे कागद चाळायची.

"बापू, मन्हा लगीनमाबी इतली मोठी यादी नव्हती."

"तुन्हं लगीन गळत नव्हतं," मी म्हणालो. ती पोट धरून हसली.

काम संपलं तेव्हा अर्धा ज्येष्ठ सरला होता. मिस्तरी म्हणाले, "मालक, लाकूड उन्हाळाभर सुकेल शे. आठ दिन पानीमा बुडाई ठेवा." दुरुस्त केलेली नाव दगड भरून काठाजवळ बुडवतात, लाकूड फुगतं, सांधे मिटतात. नाव तरंगेपर्यंत तेही गावातच थांबले. मी कागदावर लिहिलं, 'बुडवणे, आठ दिवस'. मुलीचे दिवस बायको मोजत होती. ते त्या कागदावर नव्हते.

सहाव्या दिवशी पहाटे मुलीला कळा सुरू झाल्या. सुईणीने पोट चाचपून सांगितलं, मूल आडवं आहे, नंदुरबारला दवाखान्यात न्या. गाडी जुंपण्याआधी मी काठावर पाहायला गेलो, तर उतार पाण्याखाली गेला होता. आमच्याकडे आभाळ कोरडं, पण वर कुठेतरी पाऊस झाला होता. कमरेइतक्या पाण्यात बुडवलेली नाव आता गळ्याइतक्या गढूळ पाण्याखाली होती.

नावाडी म्हणाला, "दादा, बाजले घागरी बांधूत. आम्ही चौघे पव्हत लई जाऊत."

"येड लागनं का तुले? इतल्या पानीमा पोरले मडकासवर सोडू?"

"नाव काढाले दुपार व्हई."

"व्हऊ दे. नावच काढा."

मी माणसं वाटून दिली. दोघांनी बुडी मारून दगड सोडवायचे, दोघांनी काठावर घ्यायचे, दमले की जोडी बदलायची. दोर झाडाला बांधला. काम नीट चाललं होतं. घरून दोनदा निरोप आला, दोनदा मी सांगितलं, निघतोच आहोत.

घागरींच्या बाजेवर ती वाचली असती की नाही, मला ठाऊक नाही. त्या नावाड्याने आधी दोन आजारी माणसं तशी पार नेली होती, हे मात्र तेव्हाही ठाऊक होतं.

ऊन डोक्यावरून कललं तेव्हा नाव वर आली. पाणी उपसून झालं, ती तरंगू लागली. मी आत उतरलो, वाकून तळाच्या सांध्यांवरून हात फिरवला. कुठेही पाणी झिरपत नव्हतं. मी मिस्तरींकडे पाहून मान हलवली.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. काठावर माझी बायको उभी होती, कधीपासून कोण जाणे. मला सांध्यांवरून हात फिरवताना तिने पाहिलं होतं.

"घर चला," ती म्हणाली. "आते नाव नको."