जीपचे हीटर प्लग

म्हसा गावच्या जत्रेत दुकानाची जागा कुणाच्या नावावर नसायची. पहाटे ज्याची ताडपत्री आधी पडेल, त्याची जागा. मी बैलांचे कासरे, दावी आणि घुंगुरमाळा विकायचो. गुरांच्या बाजाराच्या तोंडाशी चिंचेखालची जागा मी भांडूनतंडून टिकवली होती. एका वर्षी ती गेली, कारण माझी जुनी डिझेल जीप थंडीत चालूच होईना. आमच्याकडे सगळे करायचे तेच मी केलं. काठीला चिंधी गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवून पेटवली आणि तो काकडा हवेच्या नळीपुढे धरला. इंजिन धडधडलं तेव्हा उन्हं वर आली होती. चिंचेखाली दुसऱ्याचे कासरे टांगलेले.

पुढच्या थंडीत शहापूरच्या मेकॅनिककडे गेलो. तो बाकड्यावरून उठलासुद्धा नाही. "इंजिनाचा दम गेला. खाली उतरवायला लागल," म्हणाला. बॉनेट न उघडता! दात न बघता बैलाचं वय सांगणारा दलाल मी लांबून ओळखतो. तिथंच त्याला नको नको ते बोललो. आजही तो दिसला की माझं डोकं तडकतं.

कल्याणच्या पार्टच्या दुकानदारानं मात्र आधी विचारलं, "दुपारी चालू होते ना? मग इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग गेलेत." मी भावावरून भरपूर घासाघीस केली आणि त्या बोलण्यातच प्लग बसवायचे कसे, तेही त्याच्याकडून काढून घेतलं.

जत्रेच्या आदल्या दुपारी अंगणात बॉनेट उघडलं. तोवर पाणी आणि ऑइल बघण्यापलीकडे मी आत हात घातला नव्हता. बॅटरीची वायर सोडली, चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढली. तीन प्लग निघाले. चौथा हलेना. आत तुटला तर इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडावं लागेल, असं दुकानदारानं बजावलं होतं. म्हणजे पुन्हा त्याच मेकॅनिकच्या दारात. माझा संताप झाला, पाना दोन्ही हातांनी धरला.

"अवो, हिसका नका देऊ!" बायको ओट्यावरून ओरडली. "गिऱ्हाइकाला घोळवता तसं घोळवा त्याला!"

मग तेल सोडलं, चहा घेतला. जरा सैल, जरा मागे, पुन्हा जरा सैल करत तो निघाला.

नवा प्लग बसवण्याआधी पक्कडीत धरून बॅटरीवर तपासला. काडीएवढं टोक. आधी तांबूस झालं, मग लाल, मग बघवेना इतकं केशरी. ना धूर, ना आवाज. इतकी वर्षं मी बाहेरून जाळ दाखवत होतो आणि त्या काळ्या लोखंडाच्या पोटात चार चुली मांडलेल्या होत्या.

"गो बाय! एवढंसं ते?" बायको म्हणाली. अंधार पडायच्या आत मी चारही नवे प्लग बसवले, पट्टी आणि वायर जोडली.

पहाटे दवानं काच पांढरी झाली होती. किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबलो, मग पूर्ण फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं.

आम्ही दोघं म्हशाला पोचलो तेव्हा अंधारच होता. चिंचेखाली मोकळी जमीन. मी इंजिन बंद केलं आणि उगाच पुन्हा चालू करून बघितलं.

"आता तापलीय ती, आता कोणीबी चालू करल," बायको म्हणाली. "उतरा, ताडपत्री घाला."