शिपायाच्या कबरीवरचं कुलूप

आधीच सांगतो, रस्त्यातल्या उताऱ्यावरचं लिंबू उचलून त्याचं सरबत प्यायलेला माणूस आहे मी. लागीर, बाहेरची बाधा... असलं कुणी सांगायला लागलं की मी त्याची टर उडवायचो. म्हणूनच हे लिहायला एक वर्ष लागलं.

मी अंबाजोगाईत लग्नाचे फोटो काढतो. निजामाच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती. तेव्हा मेलेले गोरे शिपाई गावाबाहेर पुरलेत. जेमतेम अर्धा एकर जागा, छातीएवढी दगडी भिंत आणि एक लोखंडी फाटक. आतल्या एका कबरीभोवती गजांचा कठडा आहे. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली माणसं घरातलं एखादं जुनं कुलूप दोऱ्यानं त्या गजांना बांधून जातात. सहा महिने मागे राहिलेल्या घरावर आणि पोरांवर शिपायानं पहारा द्यायचा, अशी समजूत आहे.

मला हे कुणी सांगायला नको. माझे आईबाप तोडीलाच जायचे. आई कुलूप बांधायची आणि मी भोकाड पसरलं की म्हणायची, "रडू नको रं. शिपाई हाय ना. आमी येईस्तोवर त्यो दारातून हलत न्हाई." मग मला मावशीच्या हाती देऊन ट्रकमध्ये चढायची. त्या कुलपांचा मला राग होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका फोटो स्पर्धेसाठी मला ही जागा सकाळच्या कोवळ्या उन्हात हवी होती. माझी बायको रेखा नर्स आहे, ती नाईट ड्युटीवर होती. साडेआठला यायची. घरात आमची चार वर्षांची सई गाढ झोपलेली. ती आठच्या आत उठत नाही, आपण अर्ध्या तासात परत... असा हिशोब करून मी बाहेरून कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली खिशात टाकली आणि गाडीला किक मारली. आज लिहितानाही लाज वाटते.

फाटकातून शिरलो तेव्हा ऊन नुकतंच भिंतीवरून आत उतरत होतं. कबरींच्या लांब सावल्या, गवतावर दव... काय सांगू! बाकीची कुलपं कठड्याच्या मागच्या बाजूला होती, फक्त समोरच्या गजाला एक गंजकं कुलूप लोंबत होतं. आमच्या धंद्यात फ्रेम साफ करायची सवय असते. लग्नात नाही का आम्ही चपला आणि प्लास्टिकच्या खुर्च्या बाजूला सारत? मी दोरा तोडला, कुलूप बॅगेच्या कप्प्यात टाकलं आणि फोटो काढत सुटलो.

असं ऊन वीस मिनिटं टिकतं. त्या दिवशी ते टिकलं... टिकतच राहिलं. मी खूश! बॅटरी संपली, दुसरी घातली. तीही लाल झाली तेव्हा मात्र थांबलो. एक बॅटरी मला दीड तास पुरते. मोबाईलमध्ये पाहिलं – सहा बेचाळीस. सावल्या होत्या तिथंच.

पळत फाटकाकडे गेलो, बाहेर पडलो आणि समोर तोच कठडा. मागे वळलो तर फाटक मागेच, मी आतच. भिंतीवर चढून पलीकडे उडी मारली, तर पाय आतल्याच गवतात. तीनदा मारली. गुडघे फुटले. रेखाला फोन लागेना. ओरडलो, शिव्या दिल्या, शेवटी चक्क हात जोडले. डोळ्यांपुढे एकच होतं – सई उठली असेल, दार वाजवत असेल आणि किल्ली माझ्या खिशात. किल्ली चाचपायला खिशात हात घातला आणि मला बॅगेतलं कुलूप आठवलं.

दोरा तर तुटलेला. बुटाची नाडी काढली आणि कुलूप गजाला बांधलं. "चुकलो," म्हणालो. गाठ बसली आणि मान भाजली. ऊन एकदम वर चढलं होतं. मोबाईलमध्ये पावणेदहा!

घरी पोचलो तर रेखा दारात उभी, रडून डोळे सुजलेले. "अहो, सव्वा तास झाला, फोन लागंना तुमचा! किल्ली द्या आधी!" म्हणत तिनं किल्ली हिसकावली.

दार उघडलं. सई उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसली होती, अगदी मजेत. मी तिला कवटाळलं आणि लहान पोरासारखा रडलो.

"आई यायच्या आधी मी रडलते," सई म्हणाली. "मग दाराबाहेर एक आजोबा बसलते. बूट वाजवत होते. म्हणाले, रडू नको, तुझा बाबा कुलूप बांधतोय."

रेखाला वाटलं, पोर स्वप्नातलं बोलतेय. ती साडेआठपासून दारातच होती, तिला कुणी दिसलं नव्हतं. मी खाली माझ्या बुटाकडे बघत राहिलो. एकाला नाडी नव्हती. सईला मी त्या कबरीचं कधी सांगितलेलं नव्हतं आणि सकाळचं तर अजून कुणालाच नव्हतं.

उन्हाचा चकवा, डोक्यावर झालेला परिणाम... सगळं लावून पाहिलं. सईच्या त्या दाराबाहेरच्या आजोबांपाशी येऊन गाडी अडते. फोटो स्पर्धेला पाठवलेच नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर त्या गजांना पुन्हा कुलपं बांधली गेली. त्यात एक आमच्या दाराचं आहे. मी बांधलं तेव्हा आईला सोबत नेलं होतं. गाठ नीट बसली का ते तिनं ओढून पाहिलं.